मळीचा मद्यार्क आणि १९४८ चा कायदा

विजेवर धावणाऱ्या एसटी गाड्यांविषयी या आठवड्यात लिहीन, असे मी कबूल केले होते. परंतु वरकुटे येथील एका ऊसबागाईतदार वाचकांचे पत्र मध्यंतरी आले आणि त्यातील दोन प्रश्न इतके मुद्द्याचे आहेत, की त्यांना बगल देऊन पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. पेट्रोलात उसाचा मद्यार्क, म्हणजे आजचे इथेनॉल, मिसळण्याची कल्पना सरकारला अलीकडे सुचली काय, हा पहिला प्रश्न. आणि पावसाळ्यात मोटारसायकलच्या टाकीत पाणी साचून गाडी बंद पडते, तो दोष या मद्यार्काचा काय, हा दुसरा.

कल्पना स्वराज्याहूनही जुनी आहे. १९३२ साली साखरधंद्याला संरक्षक जकातीचा आधार मिळाला आणि थोड्याच वर्षांत देशभर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. इंदापूर तालुक्यातील शेठ वालचंद हिराचंदांचे वालचंदनगर त्याच दशकातले. एक टन ऊस गाळला म्हणजे साखर साधारण शंभर किलो मिळते. पण तिच्यामागून चाळीस-पंचेचाळीस किलो काळी, दाट, उग्र वासाची मळीही येते, आणि तिला गिऱ्हाईक नसले म्हणजे ती साठवावी कोठे, ही विवंचना त्या काळच्या प्रत्येक कारखानदाराला पडलेली होती. या टाकाऊ पदार्थाचे इंधन करावे, हा विचार संयुक्त प्रांताने १९४० मध्ये कायद्यात उतरविला आणि १९४८ मध्ये मध्यवर्ती सरकारने ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ संमत करून तो साऱ्या देशाचा केला. त्या कायद्याने इंधनासाठीच्या मद्यार्काची शुद्धता निदान ९९.५ टक्के ठरविली, यात मोठे शहाणपण होते. कारण साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क पंचाण्णव-शहाण्णव टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही, उरलेले पाणी त्याला चिकटूनच राहते, आणि तसा पाणीमिश्रित मद्यार्क पेट्रोलात एकजीव होत नाही. ते शेवटचे चार-पाच टक्के पाणी काढणे हाच या उद्योगातला खरा कसबाचा आणि खर्चाचा भाग आहे. आज ते काम आसवन्यांमधील रेणुचाळण्या करतात.

असा नेटका कायदा पन्नास वर्षे दप्तरात पडून का राहिला? माझ्या मते कारण एकच: त्याने मिसळण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारला दिला, पण कारखान्याला परवडेल अशा भावाने कोणी खरेदी करील, याची हमी कोणालाच दिली नाही. मळीचा भाव व वाटप १९६१ च्या नियंत्रण हुकुमाने बांधलेले. मुंबई इलाख्यात १९४९ पासून दारूबंदीचा कायदा, त्यामुळे स्पिरिटच्या प्रत्येक पिंपावर उत्पादन शुल्क खात्याचा पहारा. आणि जो मद्यार्क तयार होई त्याला रासायनिक कारखान्यांचे बांधलेले गिऱ्हाईक. अशा स्थितीत तेल कंपन्यांच्या दारी तो जाणार कशाला? मळीवरचे नियंत्रण १९९३ मध्ये उठले, आणि १९४८ चा कायदा २००० साली रद्दबातल झाला. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले आणि त्यासाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी दोन आपली होती, मिरज आणि मनमाड, तिसरे बरेली. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा फतवा निघाला, तरी २०१३-१४ पर्यंत प्रत्यक्ष प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच घुटमळत होते. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने खरेदीचा भाव स्वतः ठरवून जाहीर केला, आणि तेव्हापासून चित्र पालटले: जून २०२२ मध्ये दहा टक्के, २०२५ मध्ये वीस.

येथवर मी या धोरणाचा मनापासून पुरस्कर्ता आहे. माझा आक्षेप पुढेच सुरू होतो, आणि तो इंदापूर-बारामतीच्या जिरायत पट्ट्यात उभे राहून पाहिले म्हणजे अधिक तीव्रतेने जाणवतो. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने शेवटच्या मळीबरोबरच, साखर पुरती न काढता मधल्या टप्प्यावर उचललेली बी-हेवी मळी आणि थेट उसाचा रस यांपासूनही मद्यार्क करण्यास मुभा दिली. २०२२-२३ चे भाव पाहा: शेवटच्या मळीच्या मद्यार्काला लिटरला ४९.४१ रुपये, बी-हेवीच्या मद्यार्काला ६०.७३, आणि रसाच्या मद्यार्काला ६५.६१. शेवटच्या मळीतून टनामागे दहा-अकरा लिटर मिळतात आणि साखरही पदरात पडते. रसातून सत्तर लिटर मिळतात, पण साखर मुळीच नाही. पहिला मार्ग टाकाऊचे टिकाऊ करण्याचा आहे. दुसरा इंधनासाठी ऊस पिकविण्याचा, आणि नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालाप्रमाणे उसाच्या एका लिटर इथेनॉलपाठीमागे सुमारे २८६० लिटर पाणी खर्च होते. नीरा डाव्या कालव्याच्या पाळीसाठी ज्यांनी रात्री जागविल्या आहेत, त्यांना या आकड्याचा अर्थ मी सांगायला नको. पाऊस ओढ देताच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राला रसाच्या इथेनॉलवर बंदी घालावी लागली, ती आठवड्या-दीड आठवड्यात सैल करावी लागली, आणि पुढच्या वर्षी उठवावीही लागली. डिसेंबर २०२३ च्याच अखेरीस शेवटच्या मळीच्या इथेनॉलचा भाव ५६.२८ रुपयांवर नेण्यात आला. हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि तो टंचाईच्या वर्षापुरता न राहता कायमचा पायंडा व्हावा.

आक्षेप सांडपाण्याचाही आहे. आसवनीच्या प्रत्येक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर तपकिरी सांडपाणी निघते. ते आटवून बॉयलरमध्ये जाळणे किंवा प्रेसमडवर (रस गाळताना उरलेल्या गाळावर) शिंपडून खत करणे, हे दोन्ही मार्ग ज्ञात आहेत, आणि थेंबभरही सांडपाणी बाहेर जाऊ नये असा दंडक आहे. तरी उन्हाळ्यात प्रवाह आटल्यावर नीरेकाठच्या गावांतून मळीमिश्रित पाण्याच्या तक्रारी उठतातच. इंधनाचे लिटर जितक्या कसोशीने मोजले जातात, तितक्याच कसोशीने हे पाणीही मोजले गेले पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. मोजमापाच्या रेघा असलेली काचेची नळी घ्या, तीत ५० मिलिलिटर पाणी आणि वर ५० मिलिलिटर पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटे उभी ठेवा. (विस्तव व विडी दूर असावी.) पेट्रोल निर्भेळ असते तर पाण्याची रेघ ५० वरच राहिली असती, वीस टक्के मिश्रणात ती ६० च्या जवळ सरकते, कारण मद्यार्क पेट्रोलाची साथ सोडून पाण्यात उतरतो. टाकीतही हेच घडते. मद्यार्क पाणी निर्माण करीत नाही. थोडा ओलावा तर तो मुकाट्याने पोटात घेतो, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि मद्यार्क मिळून तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी बहुधा तळाशीच असते. पूर्वी चमचाभर पाणी टाकीच्या कोपऱ्यात पडून राही, आता ते मद्यार्काला ओढून दुप्पट-तिप्पट होऊन इंजिनात शिरते. म्हणून मूळ पाणी कोठून आले, ते शोधावे: बहुतेक वेळा झाकणाचे रबर वाळून तडकलेले असते, आणि गाडी अंगणात उघड्यावर उभी असते. रोहिणीच्या आत ते रबर बदलून घ्यावे, शेतावरची क्वचितच वापरात असलेली गाडी अर्ध्या टाकीने पावसाळाभर ठेवू नये, आणि पंपाविषयी शंका असल्यास तेथेच पाण्याची तपासणी करून मागावी. ती मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. एसटीच्या गाड्या पुढील आठवड्यात.