गटाचं मन (भाग ६) : भीतीला कारण लागतं

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोचले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलू लागला आणि ‘पोरं पळवणारी टोळी आली’ अशी हाकाटी झाली. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेच पाचही जणांचा जीव घेतला. शिरपूरकरांसाठी ही दूरची बातमी नव्हती. जिल्हा आपलाच, आणि असे बाजार आपण लहानपणापासून पाहिलेले.

मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी घात केला, असं तेव्हा सगळेच म्हणाले. ते खरंच आहे. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पण अफवा हजार येतात आणि विरून जातात. एखादीच अशी का रुजते, या प्रश्नाचं उत्तर शोधायला एका भारतीय मानसशास्त्रज्ञाने मोबाइलच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. जमुना प्रसाद यांनी त्यानंतर लोकांच्या तोंडी असलेल्या अफवा टिपून ठेवल्या. गंगेचं पाणी क्षणभर नाहीसं झालं. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा धरणी हादरणार. अमुक तारखेला प्रलय होणार. विशेष म्हणजे, हे बोलणारी माणसं अशा भागातली होती जिथे धक्का जाणवला, पण पडझड फारशी झाली नव्हती. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर असाच अभ्यास केला. तिथे माणसांनी विध्वंस डोळ्यांनी पाहिला होता आणि अशा भविष्यवाण्या मात्र दिसल्या नाहीत.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना हे कोडं वाटलं. संकटातून सहीसलामत सुटलेला माणूस आणखी मोठ्या संकटाची कल्पना कशाला करेल? त्यांनी लावलेला अर्थ असा : छाती धडधडतेय, पण आजूबाजूला सगळं जागच्या जागी आहे; मग त्या धडधडीला साजेसं कारण मन शोधू लागतं. अफवा ते कारण पुरवते. १९५७मध्ये फेस्टिंगर यांनी मांडलेल्या आणि जगभर गाजलेल्या बोधात्मक विसंगतीच्या सिद्धान्ताची एक वाट अशी बिहारमधून गेली आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना फेस्टिंगर पाठ असतात आणि प्रसाद ठाऊक नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राईनपाड्याकडे मी याच नजरेने पाहतो. आईबापांच्या मनात लेकरांची काळजी आधीच होती. तिला चेहरा नव्हता. तो अनोळखी बोलीच्या, दारोदार फिरणाऱ्या माणसांचा मिळाला. भटक्यांवर संशय घ्यायची सवय तर जुनीच. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२मध्ये गेला, संशय राहिला.

जमाव म्हणजे डोकं नसलेलं जनावर, हे मात्र मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर राहणाऱ्या कल्पवासींचा अभ्यास केला. तो २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. कडाक्याची थंडी, गोंगाट, गर्दी. तरीही मेळ्याला गेलेल्यांना न गेलेल्यांपेक्षा नंतर बरं वाटत होतं. भोवतीचे सगळे ‘आपले’ असले की माणूस अनोळखी शेजाऱ्यालाही जागा करून देतो. त्याच ‘आपले’पणाने राईनपाड्यात पाच जणांना परकं ठरवलं. आणि ‘आपल्यात’ कोण मोजलं जातं, हे आधीच, शांततेच्या दिवसांत ठरत असतं.

भिवंडीत हे ‘आपले’पण प्रयत्नपूर्वक घडवलं गेलं. १९८४ची दंगल भोगलेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले, किरकोळ तक्रारीसुद्धा तिथेच निघू लागल्या. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२च्या पुस्तकात या प्रयोगाची दखल घेतली आहे.

आपल्याकडे समित्या नसतील, पण व्यवहार आहेत. ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन येतो, शेतकरी खतासाठी मेंढ्या रात्रभर वावरात बसवतो, बदल्यात धान्य देतो. दरवर्षी तोच माणूस, तेच वावर. उद्या त्याच्याविषयी काही उठलं, तर ‘थांबा, याला मी ओळखतो’ म्हणणारा निदान एक जण गावात निघेल. सातपुड्यातून बाजाराला उतरणाऱ्या पावरा मंडळींचं आणि शिरपूरच्या दुकानदारांचंही तसंच. भिक्षा मागून पुढच्या गावाला जाणाऱ्या गोसाव्याला ओळखणारा असा एकही माणूस राईनपाड्यात नव्हता. पूर्वी दारात डमरू वाजला की कोण आलं ते घरातल्या म्हातारीला कळायचं. ती ओळखही आता पुसट झाली आहे.

पुढच्या आठवड्यात धुळे शहराकडे वळू : जानेवारी २०१३ची दंगल, आणि शेजार असूनही ओळख अपुरी का पडते हा प्रश्न.