युद्धाचा कायदा आणि नवी शस्त्रे

जेथे शस्त्रच बोलू लागते तेथे कायद्याचे काय काम, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. परंतु युद्ध पेटल्यावरही क्रौर्यास सीमा असावी, एवढीच या कायद्याची मर्यादित आकांक्षा आहे. १८५९ साली सोल्फेरिनोच्या रणभूमीवर हजारो जखमी सैनिक शुश्रूषेवाचून तळमळताना आंरी द्युनाँ यांनी पाहिले. त्यांच्या खटपटीतूनच १८६४ चा पहिला जिनीव्हा करार जन्मास आला.

अडचण अशी की, शस्त्र पुढे धावते आणि कायदा त्याच्या मागून येतो. १८९९ च्या हेग परिषदेत विषारी वायू पसरविणारे तोफगोळे निषिद्ध ठरले. पुढे एप्रिल १९१५ मध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला, तो गोळ्यांतून नव्हे, तर नळकांड्यांतून! कराराचे अक्षर राहिले, आशय मात्र गुदमरला. म्हणून १९२५ च्या जिनीव्हा करारनाम्याने साधन कोणतेही असो, युद्धात अशा वायूंचा वापरच निषिद्ध केला.

अशा पळवाटांना उत्तर ठरणारे एक तत्त्व त्याच हेग परिषदेत रशियाचे प्रतिनिधी मार्टेन्स यांनी मांडले होते. करारात जे लिहिलेले नाही ते मोकळे आहे असे नव्हे. तेथेही मानवतेचे नियम आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी यांचे शासन चालते.

युद्धाचे स्वरूपही पालटले. देशादेशांतील लढायांबरोबर यादवी युद्धांनीही अनन्वित हानी केली. म्हणून १९४९ च्या चारही जिनीव्हा करारांत तिसरे कलम एकच ठेवले गेले: यादवीतही जखमीस, नागरिकास आणि शस्त्र खाली ठेवणाऱ्यास माणुसकीनेच वागविले पाहिजे. या करारांच्या अंमलबजावणीसाठी भारताने १९६० साली स्वतंत्र कायदा केला.

१९७७ च्या पुरवणी कराराने आणखी एक पाऊल टाकले. नवे शस्त्र स्वीकारण्यापूर्वीच ते कायद्यात बसते काय, हे तपासण्याचे बंधन त्यातील राष्ट्रांवर आले. कायमचे अंधत्व आणणाऱ्या लेसर शस्त्रांवर तर १९९५ साली, ती रणांगणावर रूढ होण्याआधीच, बंदी आली. कायदा शस्त्राच्या पुढे जाऊ शकतो, याचा हा दुर्मिळ दाखला होय.

आज वैमानिकाविना विमाने उडतात आणि लक्ष्य निवडणारी यंत्रे घडत आहेत. तरी मूळ प्रश्न जुनाच आहे: समोरचा सैनिक की नागरिक? यंत्र चुकले तर जाब कोणास विचारावयाचा? यंत्रास सदसद्विवेकबुद्धी नसते. म्हणूनच ते चालविण्याचा हुकूम देणाऱ्या माणसास कायद्याने उत्तरदायी धरलेच पाहिजे.