अतिचलनवाढ : दौलताबादच्या प्रतीक नाण्यांचा धडा

प्रास्ताविक : भाववाढ दरमहा ५० टक्क्यांहून अधिक झाल्यास ती अतिचलनवाढ होय, असा निकष फिलिप कॅगन यांनी १९५६ मध्ये मांडला. तिचे मूळ कारण पुंडलिकनगरपासून जवळच असलेल्या दौलताबादच्या इतिहासातून स्पष्ट होते.

कारणे : मुहम्मद बिन तुघलकाने सुमारे १३३० मध्ये तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या मूल्याने चालविली, दौलताबादच्या टांकसाळीतही ती पाडली गेली. नकलेला आळा नसल्याने बनावट नाण्यांचा पूर आला, विश्वास उडाला आणि सुलतानाला ती सोन्या-चांदीच्या मोबदल्यात परत घ्यावी लागली. १९२३ मध्ये जर्मनीत तूट भागविण्यासाठी सरकारनेच अमर्याद चलन काढले.

धोके : निवृत्तिवेतनधारक, पगारदार व ठेवीदार यांची क्रयशक्ती प्रथम घटते, जुन्या कर्जाचा भार मात्र हलका होतो.

पूर्वतयारी : कुटुंबाने सर्व बचत रोख वा दीर्घ मुदतीच्या ठेवींत न ठेवता विभागावी. तथापि, व्यक्तिगत उपाय अपुरे ठरतात. भारतात तात्पुरत्या कोषागार हुंड्यांद्वारे तूट भागविण्याची प्रथा १९९७ मध्ये बंद झाली. २०१६ मध्ये चलनवाढीच्या लक्ष्याला कायद्याचा आधार मिळाला.

निष्कर्ष : चलनाचे मूल्य त्याच्या निर्मितीवरील मर्यादेत असते; ती मर्यादा जपणे हीच खरी पूर्वतयारी होय.