ठोकळा मनात फिरवायला शिकता येतं

इंजिनिअरिंगच्या प्रथम वर्षाच्या ग्राफिक्सच्या पेपरात एक ठोकळा असतो. वर खाच, मधून आरपार भोक, एक कोपरा तिरका कापलेला. त्याच्या आयसोमेट्रिक चित्रावरून एलेव्हेशन, प्लॅन, साइड व्ह्यू काढायचे. न दिसणारी कड तुटक रेषेने. त्यासाठी ठोकळा मनातल्या मनात फिरवावा लागतो. इथे मुलगी अडली की ‘मुलींना ड्रॉइंग जमत नाही’ असं सहज बोललं जातं. या समजुतीची तपासणी झाली आहे आणि ती टिकलेली नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी 1993 पासून हा प्रश्न हाती घेतला. ठोकळा फिरवण्याच्या चाचणीत मुली जास्त नापास होत होत्या, हे खरं. पण ज्यांना ते जमत होतं, ते लहानपणी जोडणीच्या खेळण्यांशी खेळलेले, शाळेत वर्कशॉप किंवा ड्राफ्टिंग शिकलेले निघाले. कच्च्या विद्यार्थ्यांसाठी सॉर्बींनी छोटा कोर्स आखला. खरे ठोकळे हातात घ्यायचे आणि स्केच हातानेच काढायचं. गुण वाढलेच, शिवाय कोर्स केलेल्या मुली इंजिनिअरिंगमध्ये टिकण्याचं प्रमाणही वाढलं.

आपल्या देशातला पुरावा तर याहून बोलका. मेघालयातल्या खासी समाजात घर-जमीन धाकट्या मुलीकडे जाते. शेजारच्या कार्बींमध्ये मुलाकडे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हीकडच्या बाराशेहून अधिक लोकांना चार तुकड्यांचं कोडं जुळवायला दिलं होतं. कार्बी पुरुष बायकांपेक्षा बरेच वेगवान ठरले. खासींमध्ये फरकच दिसला नाही. वंशाने हे समाज एकमेकांच्या जवळचे आहेत, मग मेंदूच्या जन्मजात घडणीवर खापर कसं फोडणार?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपांत मालकाचा मुलगा सुट्टीत लेथजवळ घुटमळतो, व्हर्निअर हाताळतो, जॉब उलटासुलटा करून बघतो. त्याच घरातली मुलगी क्वचितच तिथे जाते. कॉलेजात दोघांना एकच शीट मिळते, सराव मात्र एकाचाच झालेला असतो.

देशात 2020-21 मध्ये बीएस्सीला निम्म्याहून जास्त मुली होत्या. इंजिनिअरिंगला तीस टक्क्यांच्या आसपासच. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये माफ केली. चांगलंच झालं, पण फी माफ झाली म्हणून ठोकळा फिरत नाही. प्रवेश झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नाशिकच्या कॉलेजांनी ठोकळा फिरवण्याची चाचणी घ्यावी आणि कच्च्या मुलामुलींना लाकडी ठोकळे देऊन बसवावं. ते ठोकळे कॉलेजच्या सुतारकामाच्या शॉपमध्येच तयार होतील.