रजोनिवृत्तीनंतरची संप्रेरके आणि शरीराचे वजन : कार्यकारणसंबंधाचा विचार

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होते म्हणून स्त्रीचे वजन वाढते, हे विधान आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. प्रत्यक्षात हा संबंध एकमार्गी नाही.

अमेरिकेतील 'स्वान' या दीर्घकालीन पाहणीवर आधारित विश्लेषण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार वजन वयाबरोबर हळूहळू वाढत राहते. रजोनिवृत्तीच्या संक्रमणकाळात त्या वाढीचा वेग बदलत नाही. बदलते ती शरीराची घडण. या काळात मेद वाढण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो व स्नायूंचे प्रमाण घटू लागते. अखेरच्या पाळीनंतर सुमारे दोन वर्षांनी हा बदल स्थिरावतो. मेद मांड्या-नितंबांऐवजी पोटाभोवती साठण्याकडे कल होतो. वजनकाट्याला यातील फारसे काही कळत नाही.

आता दुसरी दिशा पाहू. बीजांडकोशांचे कार्य थांबल्यावर एस्ट्रॅडिऑलचा मुख्य स्रोत आटतो, परंतु इस्ट्रोजेन शून्य होत नाही. प्रामुख्याने अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या अँड्रोस्टेनेडिओनचे मेदपेशींतील ॲरोमॅटेझ हे विकर इस्ट्रोनमध्ये रूपांतर करते. साहजिकच मेद जितका अधिक, तितके हे रूपांतर अधिक. शिवाय स्थूलतेत लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे रक्तातील प्रथिन घटते व मुक्त संप्रेरकाचे प्रमाण वाढते. म्हणजे या वयात वजनच संप्रेरकांची पातळी ठरवू लागते. रजोनिवृत्तीनंतर स्थूल स्त्रियांत स्तनाच्या व गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका अधिक का असतो, याचे एक प्रमुख कारण येथे सापडते.

भारतीय स्त्रीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये सहलेखकासह दाखविले की, २२.३ हा समान देहवस्तुमान निर्देशांक असलेल्या दोघांपैकी युरोपीय व्यक्तीच्या शरीरात ९.१ टक्के, तर भारतीय व्यक्तीच्या शरीरात २१.२ टक्के मेद होता. ते दोघे म्हणजे खुद्द लेखकद्वय! उदाहरण पुरुषांचे असले तरी सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातील दडलेल्या मेदाचा मुद्दा स्त्रियांनाही लागू पडतो. म्हणूनच भारतीयांसाठी २३ पासून अतिवजन मानले जाते, १५० सें.मी. उंचीच्या स्त्रीस ही मर्यादा जेमतेम ५२ किलोला गाठते. कमरेचा घेर ८० सें.मी.पेक्षा कमी असावा, असा भारतीय निकष आहे. नाशिक परिसरातील महाविद्यालयांच्या आरोग्य शिबिरांत वजनकाट्याशेजारी साधी मोजपट्टी ठेवणे अवघड नाही.

महाराष्ट्रात या विषयाला एक वेदनादायक बाजू आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ साली राज्य शासनाने समिती नेमली. पाहणीतील सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, संप्रेरके लगेच थांबत नाहीत. बीजांडकोशही काढल्यास मात्र जो बदल निसर्गतः काही वर्षांत होतो, तो काही दिवसांत होतो. म्हणून अशा स्त्रीच्या तपासणीत पाळी केव्हा थांबली याबरोबरच शस्त्रक्रियेत नेमके काय काढले, याचीही नोंद घ्यावी लागते.