अंकलिपीतला आपला मुलूख

अंकलिपी उघडली की पहिल्याच पानावर अननस भेटतो, पुढे जहाज येते. झरीच्या शिवारात अननस पिकत नाही, आणि समुद्र तर फार लांब. पोर अक्षर शिकते खरे, पण आपली नदी त्याला त्या पुस्तकात सापडत नाही.

मग शिक्षकमित्रहो, अशी पाने आपणच का लिहू नयेत? क कापसाचा, ग गोदावरीचा, द दुधनेचा, प पूर्णेचा. ज ज्वारीचा म्हणाल तर जोडाक्षर आडवे येते. तिथे आपला जोंधळा बरा, त्यात ळही साधतो. 'ण'पासून मराठी शब्द सुरू होत नाही, पण तो 'परभणी'त आयताच बसला आहे! ह हिंगोलीचा लिहिताना मात्र सांगावे, की हा जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला.

एक अडचण राहते. वर्णमालेत आधी ग, मग द, मग प. पाण्याचा क्रम निराळा. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. तेव्हा अक्षरे घोटून झाली, की शाळेच्या अंगणात राखेने तिन्ही नद्या काढाव्यात आणि पोरांना त्या रेघांवरून चालवावे.