यमाईच्या वाटेवर हेन्री मूर!

सातारा जिल्ह्यातलं औंध, खटाव तालुका. गावाला लागून डोंगर, डोंगरमाथ्यावर यमाईचं मूळपीठ. नवस फेडायला, ओटी भरायला, लग्नानंतर जोडीनं पाया पडायला माणसं हा डोंगर चढत असतात. अर्ध्या वाटेवर एक इमारत लागते. पाटी आहे श्री भवानी चित्रसंग्रहालयाची. आत रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रं, कांगड्याची लघुचित्रं, हस्तिदंताचं आणि चंदनाचं नाजूक काम, आणि हेन्री मूरनं दगडात कोरलेली आई आणि बाळ!

मुंबई-दिल्लीच्या कलादालनांची नावं आपल्याला पाठ असतात. हे आपल्या गावाकडचं, सरकारी, कुणालाही उघडं असलेलं दालन मात्र अनेकांच्या यादीतच नसतं. म्हणून ही यादी. एकेक गोष्ट वाचा आणि मग पिशवी भरा.

१. राजाच चित्रकार

औंध म्हणजे ७२ गावांचं संस्थान. तेही सलग नाही. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत, पुस्तकं लिहीत. १९३५ साली इंदूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांनी चित्रं विकत घेतली ती चित्रकाराच्या नजरेनं. म्हणूनच या संग्रहात एका माणसाची आवड दिसते. दालनातून फिरताना कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटतं, ते त्यामुळे.

२. उजेड वरून उतरतो

संग्रहालय उभं राहिलं १९३८ साली. बांधतानाच एक विचार झाला होता: चित्रांवर उजेड कसा पडेल? तैलचित्रावर वॉर्निशचा थर असतो. समोरच्या खिडकीतून ऊन आलं की तो थर आरशासारखा चकाकतो आणि चित्राऐवजी आपलंच तोंड दिसतं. इथे उजेडाची वाट उंचावर ठेवली आहे. तो वरून भिंतीवर पसरत खाली येतो, त्यामुळे डोळे दिपत नाहीत. ढग सरकला की चित्रातली सावली किंचित गडद होते, ऊन आलं की पुन्हा उजळते. एकाच चित्रासमोर दहा मिनिटं थांबून हा खेळ जरूर बघा. विजेच्या दिव्याखाली तो दिसत नाही.

३. आईची पाठ चोळणारा मुलगा

हेन्री मूर विसाव्या शतकातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या शिल्पकारांपैकी एक. १८९८ साली यॉर्कशायरमधल्या कॅसलफर्ड गावी जन्म, वडील कोळशाच्या खाणीत, आठ भावंडांत हा सातवा. आईला संधिवात होता. लहानगा हेन्री तेल लावून तिची पाठ चोळायचा. पुढे म्हातारपणी त्यानंच सांगितलं की बाईची पाठ घडवताना बोटांना ती आईची पाठ आठवते.

आई आणि बाळ हा विषय त्यानं जन्मभर सोडला नाही. औंधच्या संग्रहातलं ‘मदर अँड चाइल्ड’ बघताना ही गोष्ट मनात ठेवा. समोरून बघा, मग बाजूनं बघा, मग शक्य तितकं मागून बघा. शिल्पाला पाठ असते आणि मूरच्या शिल्पात तर ती फार बोलते. मातीत घडवून दुसऱ्याकडून दगडात उतरवून घेण्यापेक्षा थेट दगडावर छिन्नी चालवावी, दगडाला दगडच राहू द्यावं, असं तरुणपणी त्याचं ठाम मत होतं. आपल्याकडच्या पाथरवटाला हे वेगळं सांगावं लागलं नसतं.

४. नकलेला नाक मुरडू नका

संग्रहात युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या आणि शिल्पांच्या प्रतिकृतीही आहेत. ‘हे काय, ओरिजिनल नाही!’ म्हणून लोक पुढे सरकतात. जरा थांबा. १९३८ साली माणदेशातल्या शाळकरी पोराला पॅरिस, रोम, फ्लॉरेन्स कोण दाखवणार होतं? रंगीत छापलेलं पुस्तकही त्याच्या हाती पडणं कठीण. त्याच्यासाठी मोठ्या आकाराची, रंगात केलेली प्रत हाच युरोपचा प्रवास होता.

आणि प्रतीची ताकद किती, ते मूरलाच विचारा. त्याच्या प्रसिद्ध पहुडलेल्या आकृतींची प्रेरणा म्हणजे मेक्सिकोतलं ‘चाकमूल’ हे प्राचीन शिल्प. पॅरिसच्या संग्रहालयात त्यानं पाहिलं ते मूळ शिल्प नव्हतंच, प्लास्टरमध्ये ओतलेली प्रत होती! तेवढ्या प्रतीनं एका शिल्पकाराचं अख्खं काम वळलं.

५. कॅलेंडरातला आणि भिंतीवरचा रविवर्मा

आजीच्या देवघरातली लक्ष्मी, सरस्वती आठवते? ती बहुधा रविवर्म्याच्या छापखान्यातून आलेली, किंवा तिच्यावरून पुढे छापलेली. १८९४ साली त्यानं मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी याच छापखान्यात काम केलं. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून थरावर थर छापत असत.

छापलेला रविवर्मा आपण सगळ्यांनी पाहिलाय. हातानं रंगवलेला फार थोड्यांनी. औंधला तो बघताना जवळ जाऊन जरीचा काठ बघा. लांबून जी सोन्याची तार वाटते, ती जवळून पिवळ्या, तपकिरी रंगाचे छोटे छोटे फटकारे निघते. दोन पावलं मागे या, पुन्हा जर झळकते. पुढे-मागे, पुढे-मागे. तैलचित्र बघायची हीच रीत.

६. एकेचाळीस वर्षांचा मास्तर

महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म कोल्हापूर, १८६७. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आधी विद्यार्थी, मग शिक्षक, आणि अखेरीस थोडा काळ का होईना, त्या संस्थेच्या प्रमुखाच्या खुर्चीवर. आपल्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव त्यांनी ठेवलं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. धुरंधरांच्या चित्रात बघायचं ते गर्दीत. फेटा कुणी कसा बांधलाय, नऊवारीचा काष्टा कसा घातलाय, कोण कुणाच्या कानाला लागलंय, सगळं नीट. शंभर वर्षांपूर्वी आपले लोक कसे उभे राहायचे, कसे बसायचे, हे जाणून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

७. पेंटर, शांताराम आणि खुलं कारागृह

आता एक सुंदर गाठ. संग्रहात बाबूराव पेंटरांचं काम आहे. आडनाव खरं मेस्त्री. कोल्हापूरच्या कारागीर घराण्यातला हा माणूस कुठल्याही कलाशाळेत न जाता चित्रकार, शिल्पकार झाला. स्वतः कॅमेरा बनवून त्यानं सिनेमे काढले. त्याच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी केली व्ही. शांताराम यांनी.

याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, शेती करा, माणसासारखे राहा. संस्थानातल्याच शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली, शांतारामबापूंनी १९५७ साली सिनेमा काढला: ‘दो आँखें बारह हाथ’. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. गुरूची चित्रं ज्या राजानं जपली, त्याच राजाच्या प्रयोगावर शिष्यानं सिनेमा केला!

८. खारीच्या शेपटीचा कुंचला

लघुचित्रांच्या दालनात घाई केलीत तर फेरी वाया गेली. इथे मोगल, जयपूर, कांगडा, मराठा अशा निरनिराळ्या घराण्यांची चित्रं आहेत. हातभर अंतरावरून त्यांत फक्त रंग दिसतात. वितीवर या, मग दागिन्यातला मोती दिसतो, झाडाचं एकेक पान दिसतं, दाढीचा एकेक केस दिसतो.

असा केस काढायला कुंचलाही तसाच लागतो: खारीच्या शेपटीच्या केसांचा, टोकाला एखाद-दुसरा केस उरलेला. लाल रंग हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, निळा लाजवर्दाचा, सगळे दगड कुटून, घोटून, डिंकात कालवलेले. चित्र झालं की कागद पालथा घालून मागून गुळगुळीत अकिकानं घोटायचा, म्हणजे रंग बसतात आणि मंद चकाकी येते. शक्य असेल तर खिशात एक छोटं भिंग ठेवा. मुलांना ते द्या आणि ‘चित्रात पक्षी किती?’ एवढंच विचारा. अर्धा तास हूं की चूं ऐकू येणार नाही.

९. ज्याला रंग नीट दिसत नव्हते

औंधच्या राजाला चित्रकारांचा लोभ, हे खरं. पण त्याच्या आधारानं सर्वांत मोठा झालेला माणूस चित्रकार होता होता राहिला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळलं की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. रंग सुटले, पण यंत्रांची रेखाटनं हातात राहिली. पुढे त्यांच्या बेळगावच्या कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात कुंडलजवळ जमीन दिली. तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. या दालनात रंग बघताना त्यांची आठवण जरूर काढा.

१०. चित्रकार वेदांकडे, मुलगा चित्रांकडे

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर म्हटलं की वेदांची भाषांतरं आठवतात. हेही जे. जे.चेच, आणि व्यक्तिचित्रांवर पोट भरणारे चित्रकार. बाळासाहेबांच्या आश्रयानं ते औंधला राहिले, इथेच स्वाध्याय मंडळ वाढवलं, आणि शंभरी ओलांडून १९६८ साली गेले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर युरोपात कला शिकून आले आणि पुढे राज्याचे कलासंचालक झाले. औंधच्या भिंतींवर माधवरावांची चित्रं आहेत. ज्या गावात लहानाचा मोठा झाला, त्याच गावच्या संग्रहालयात चित्र लागलं! यापेक्षा चित्रकाराला आणखी काय हवं?

११. महाभारताला चित्रं देणारा

१९१६ साली बाळासाहेबांचं ‘चित्ररामायण’ निघालं. रामकथा चित्रांतून सांगणारं पुस्तक, चित्रं खुद्द राजाची. त्यानंतर पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा बाळासाहेबांनी एक लाख रुपये देऊ केले आणि तिच्यासाठी चित्रंही काढली. जगभरचे अभ्यासक आज ज्या आवृत्तीचा आधार घेतात, तिच्या शीर्षकपृष्ठावर औंधच्या राजाचं नाव आहे.

१२. सूर्यनमस्कार आणि स्वराज्य

शाळाशाळांतून सूर्यनमस्कार नेणारा राजा तो हाच. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला निघालं, म्हणजे संग्रहालय उभं राहिलं त्याच वर्षी. लगेच पुढच्या जानेवारीत त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना देऊन सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. तारखा शेजारी ठेवून बघा. शरीर, चित्रं आणि सत्ता, तिन्ही गोष्टी दोनेक वर्षांत लोकांना वाटून टाकल्या.

जाणार असाल तर

साताऱ्याहून किंवा रहिमतपूरहून औंधला जाता येतं. निघण्याआधी सुट्टीचा वार आणि वेळा विचारून घ्या. सकाळी जा, उजेड चांगला असतो आणि चढही सोपा वाटतो. फोटोची परवानगी विचारा, फ्लॅश अजिबात नको. जुन्या रंगांना आणि कागदाला प्रखर उजेड सोसत नाही. सगळं एका फेरीत बघायचा हट्ट धरू नका. पाच वस्तू निवडा, प्रत्येकीला दहा मिनिटं द्या. आणि बाहेर पडताना अभिप्रायाची वही दिसली तर दोन ओळी मनापासून लिहा. अशा दालनांना आपण येऊन गेल्याची खूण हवी असते.

मग वर जा, यमाईचं दर्शन घ्या. उतरताना इमारत पुन्हा वाटेत लागेल. राजवाडा खाली गावात होता. राजाला चित्रं तिथेच ठेवता आली असती, पाहुण्यांना दाखवून मिरवता आली असती. त्यानं ती देवीच्या वाटेवर आणून ठेवली, जिथून सगळं गाव जातं. डोंगरमाथ्यावर लेकराला कडेवर घेऊन ओटी भरायला आलेली बाई दिसते, आणि अर्ध्या वाटेवर दगडातली आई तिच्या बाळाला धरून आहे. दोघींना भेटूनच घरी या.